दोन टिंबांचा ओ

वेल्लो होता तोवर इथे सगळं घरीच दळलं जायचं.
म्हणजे सोर्स उतरवायचा, कंपाइलला लावायचा,
आणि दिवा न मालवता घरी जायचं.
सारेमा बेटावर, ओरिसारेच्या लोकगृहात,
नाचाच्या सभागृहामागं, झाडू-बादल्यांच्या खोलीत,
शाळेनं टाकून दिलेलं ते यंत्र
रात्रभर घरघरत राही.
खोली उबदार होई. मांजर वर झोपे.
पहाटे कधी पीठ तयार,
कधी त्र्याऐंशी टक्क्यांवर मेमरी संपून
नुसताच भरडा.

(मेला नाही वेल्लो. पर्नूला लेकीकडे गेलाय.
डोळे अधू झाले, अक्षरं एकमेकांत शिरतात म्हणतो.)

आता किल्ल्या रीनेकडे.
ती दिवसा फेरीबोटीची तिकिटं फाडते.
घरी दोन मुलं, आणि सकाळी साडेपाचची बोट.
दळत बसायला तिच्याजवळ रात्रच नाही.

म्हणून मार्चमधल्या एका बुधवारी
तिनं तयार पीठ आणायचं ठरवलं.
आधी बॅकअप. मग तो बॅकअप उघडतो का ते पाहणं
(ही सवय वेल्लोची, एकदा पोळल्यानंतरची).
सर्व्हर थांबवला. जुन्या फोल्डरला नाव दिलं: जुना.
नवं गाठोडं उतरवलं,
त्याच्या खुणेची चौसष्ट अक्षरं
पडद्यावर बोट ठेवून एकेक ताडून पाहिली,
सहलीची पोरं बोटीवर चढताना
बाई मोजतात तशी.

सुरू केलं. नाही.
परवानगी नाही, म्हणालं लिनक्स.
प्रत्येक फाइलीपुढे मालक एकच:
वेल्लो, वेल्लो, वेल्लो,
गाव सोडून गेलेल्याचं नाव
सातबाऱ्यावर राहतं तसं.
एका ओळीत मालकी बदलते.
एंटर दाबताना ती जरा थांबली. का, कोण जाणे.

चार मिनिटं. संपलं.
पंखा गप्प. मांजर आलं,
पत्र्यावर पंजा ठेवून पाहिला, निघून गेलं.

गावाला कळलं नाही. कळू नये हेच तर काम.
कळलं मायमूला. वय एक्क्याऐंशी,
गायनमंडळात खालची पट्टी.
तिनं गाण्यांच्या संग्रहात ‘संध्याकाळ’ शोधली
आणि शून्य सापडलं.
साठ वर्षं गातेय मी ती संध्याकाळ,
कुठे नेलीत?

गोष्ट अशी की त्यांच्या भाषेत एक ओ आहे,
डोक्यावर लाट घेतलेला.
या बेटाच्या चारी बाजूंना समुद्र,
पण ती एक लाट जिभेवर येत नाही.
इथे सगळीकडे दोन टिंबांचाच ओ.
मुख्य भूमीवरचे हसतात,
आपल्याकडे पाण्याला पानी म्हटलं की हसतात तसे.
मायमू बोलते तसंच लिहिते.

‘जुना’मध्ये अकरा ओळींचं ठिगळ निघालं,
वेल्लोच्या हातचं, वर शेरा:
हे दोन्ही एकच समजावेत. कुणी सुधारू नये.
दर दळणाला तो ते मूठभर
पिठात मिसळत आला होता,
कुणाला न सांगता.

तयार पिठात कुणाचीच मूठ नसते.

रीनेनं परत जातं मांडलं नाही.
ठिगळ कर्त्यांकडे पाठवून दिलं.
ब्राझीलमधून कुणा ज्युसारानं विचारलं,
किती लोकांना लागेल हे?
रीनेनं लिहिलं: एका बेटाला.
ते खोडून लिहिलं: मायमूला.

जूनमध्ये नवी आवृत्ती आली.
शेहेचाळीस बदलांत एकोणचाळिसावा:
एक खिट्टी. मुळात बंद.
म्हणजे आता लीमात, ओसाकात, कुठल्या कुठल्या तळघरांत,
ज्यांनी हे बेट नकाशावरही पाहिलं नाही
त्यांच्याही यंत्रांत
या बेटाची जीभ झोपून आहे.
रीनेनं इथली तेवढी उठवली.

फोन करून वेल्लोला सांगितलं.
बरं, म्हणाला तो.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग: खोली गार पडत असेल ना आता?
मांजर कुठं झोपतं?